फक्त दोघांसाठी

(रंगमंचावर एक खुर्ची. तिच्यावर घडी घातलेली शाल.)

नमस्कार, क्युपर्टिनो! मागच्यांना ऐकू येतंय ना? येणारच. इथल्या पुठ्ठ्याच्या भिंतींतून शेजाऱ्याचं वर्क फ्रॉम होमसुद्धा ऐकू येतं.

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून आमच्या ह्यानं सरप्राईज दिलं. "सांताक्रूझच्या डोंगरात कॉटेज घेतलंय. इकडे समुद्र, तिकडे डोंगर, मधे फक्त तू आणि मी."

आतल्या खोलीतून आवाज आला. (शाल खांद्यावर) "सांताक्रूझ? मग तसंच पुढे पार्ल्यास जाऊन येऊ हो!"

सासूबाई. मुक्काम पोस्ट गुहागर, मुक्काम सध्या आमची बेडरूम. सहा महिन्यांसाठी. लग्नाचा वाढदिवस पाचव्या महिन्यात. विमानाची तिकिटं कोणी काढली? ह्यानं. मी काही बोलले नाही. दहा वर्षं बोलत नाहीये. आज माइक मिळालाय.

निघालो. साराटोगावरून हायवे ९. अशी वळणं, की कुंभार्ली घाट सपाट वाटावा. मागच्या सीटवरून दर वळणाला, "आलं पाक देऊ का गो?"

बोल्डर क्रीकच्या अलीकडे कॉटेज. सगळं दोन-दोन. दोन कप, दोन खुर्च्या, दोन टॉवेल. पलंग एक. टेबलावर मालकिणीची वही, पहिलंच वाक्य, 'हे रस्टिक घर आहे.'

(शाल) "रस्टिक म्हणजे काय गो?"

"मोडकं, आई. पण महाग."

मग सासूबाईंनी घर बघायला घेतलं. लग्न ठरवायला आल्यावर आमचं बघितलं होतं, अगदी तसं. (कमरेवर हात, फेरी मारत) "फोनास रेंज नाही. गॅस टाकीतला. चूल लाकडांची. लाकडं आपण आणायची. न्हाणी बाहेर. संडासात कागद जपून टाका, टाकी तुंबेल. रात्री दिवे गेले तर मेणबत्ती ह्या खणात. दारात झाडं, पागोळ्या, चिखल..." (थांबून) "काय रे, रात्रीचे किती दिलेस?"

ह्याचा आवाज बाटलीतून आल्यासारखा, "साडेतीनशे डॉलर."

"अरे मेल्या! ह्यातून सुटावास म्हणून तुला इंजिनियर केला!"

(दीर्घ विराम.)

दहा वर्षांत पहिल्यांदा मला सासू आवडली.

सकाळी अंगणात केळ्यासारखं पिवळंधम्मक काहीतरी सरपटत होतं. बनाना स्लग. सांताक्रूझच्या विद्यापीठाचा मॅस्कॉट आहे तो! लोकांचे वाघ असतात, सिंह असतात. ह्यांची गोगलगाय! सासूबाई वाकून बघतायत. "ह्याचा शंख कुठे गो?"

"नसतो, आई."

"असेल. जोडप्यास भाड्यानं दिला असेल."

क्युपर्टिनोत हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांनी गॅरेज दिलंय.

दुपारी बिग बेसिन. १९०२ सालचं, कॅलिफोर्नियातलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क. ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडल्या, वणवा लागला आणि जवळपास सगळंच्या सगळं होरपळलं. रेडवूडचे बुंधे अजून कोळशासारखे काळे. पण त्या काळ्यातूनच हिरवे कोंब फुटलेत, लहान मुलाच्या जावळासारखे. सासूबाईंनी एका बुंध्यावर हात ठेवला. हात काळा झाला. तो पदराला न पुसता तशाच उभ्या राहिल्या.

रात्री चुलीपाशी त्या एकट्याच. मी पाणी प्यायला उठले. म्हणाल्या, "तिकडे घराला कुलूप आहे गो. चूल पेटली नाही की भिंती ओल धरतात." मी शेजारी बसले. खुर्च्या दोनच होत्या, पुरल्या. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

मग पलंगावरून ह्याचं घोरणं सुरू झालं. वाढदिवसाची रात्र, रोमँटिक कॉटेज, चुलीपाशी मी आणि माझी सासू! मालकिणीनं जाहिरातीत लिहिलं होतं तेच. फक्त दोघांसाठी.

परत निघताना त्यांनी पाहुण्यांच्या वहीत अभिप्राय लिहिला, मराठीत. मालकीण अजून कोणाकडून तरी वाचून घेतेय म्हणे. तुम्हाला विचारलंन तर गप्प बसू नका, नीट वाचून दाखवा:

(शाल, वहीत लिहिल्यासारखं) "घर बरे आहे. चूल धूर करते. आमचे घर गुहागरास समुद्राजवळ आहे, मागे डोंगर. भाडे घेत नाही. मे महिन्यात शाकारणीस दोन माणसे हवीत. जोडपे चालेल."