बिघडलेला फोन, चालू कचेरी

डहाणूत वीज नाही, असं कागदोपत्री कुणालाच म्हणता येणार नाही. खाडीकाठच्या औष्णिक केंद्रात १९९५ पासून अडीचशे मेगावॉटचे दोन संच आहेत. ती वीज मुख्यतः मुंबईच्या उपनगरांसाठी असते, एवढाच काय तो तपशील. डहाणू-तलासरीला पुरवठा महावितरणचा, आणि पहिल्या पावसात चिकूची एखादी फांदी तारेवर टेकली की तो थांबतो. पंखा थांबतो, संगणक मिटतो, हे सगळ्यांना दिसतं. त्याच क्षणी कचेरीचा फोनही गेलेला असतो, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की कचेरीचा बिघडलेला फोन आणि चालू फोन यांत बाहेरच्या माणसाला फरक कळत नाही आणि आतल्या माणसाला तो कळून घ्यायची घाई नसते.

जुना काळा फोन या बाबतीत सरळ होता. त्याला लागणारी वीज टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून, ४८ व्होल्टने, बोलण्याच्याच तांब्याच्या तारेतून यायची. गावात काळोख असला तरी रिसीव्हर उचलला की डायल टोन हजर. मग कचेऱ्या मोठ्या झाल्या, एका लाइनीवर दहा टेबलं बोलू लागली आणि भिंतीवर ईपीएबीएक्सची पेटी आली. ती जेवते भिंतीतल्या प्लगवर. लाइट गेली की पेटी उपाशी आणि दहाही टेबलं मुकी. बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून बऱ्याच पेट्यांत एक रिले असतो. वीज असेपर्यंत तो ओढून धरलेला राहतो. वीज गेली की आपसूक सुटतो आणि बाहेरची लाइन थेट एका ठरावीक फोनला जोडून देतो. काहीच मिळत नसताना कर्तव्य बजावणारा सरकारी कचेरीतला हा बहुधा एकमेव घटक. पण तो ठरावीक फोन कुठला? अर्थातच साहेबांच्या केबिनमधला. साहेब दौऱ्यावर, केबिनला कुलूप, आणि आत घंटी वाजतेय.

रिलेच नसेल तर आत घंटीही नाही. गंमत अशी, की फोन करणाऱ्याला तरीही ती ऐकू येते! त्याच्या कानात वाजणारी ट्रिंग ट्रिंग कचेरीतल्या यंत्राची नसतेच, एक्स्चेंज ती स्वतः वाजवून दाखवतं. तार मध्येच तुटलेली असली तरी घंटी वाजतच राहते, आणि तलासरीच्या टोकाकडून दाखल्याची चौकशी करणारा माणूस म्हणतो, ‘कोणी उचलत नाही.’ उलट पावसाचं पाणी केबलमध्ये शिरून दोन तारा आपसांत भिडल्या, तर एक्स्चेंजला वाटतं रिसीव्हर उचललेला आहे. मग लागतो एंगेज टोन, आणि तोच माणूस म्हणतो, ‘सारखे बिझी असतात.’ म्हणजे तुटलेली तार कचेरीला आळशी ठरवते, भिजलेली तार कामसू. दोन्ही निष्कर्ष लोकांना आधीच पटलेले असल्यामुळे बिघाडाची शंका कुणालाच येत नाही, आणि १९८ वर तक्रार नोंदवायची तर ती मेलेल्या फोनवरून करता येत नाही.

यावर पहिलं उत्तर येतं, आता मोबाइल आहे की. आहे, पण लाइट गेली की टॉवरही बॅटऱ्यांवरच उभा असतो आणि त्या काही तासांत संपतात. शिवाय नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले, लोक रात्री घराबाहेर झोपू लागले. अशा धक्क्यानंतर सगळा तालुका एकदमच मोबाइल कानाला लावणार आणि नेटवर्क तुंबणार. आणि लोकांकडे नंबर असतो तो कचेरीचा, कारकुनाच्या खिशातल्या मोबाइलचा नव्हे. दुसरं उत्तर यूपीएसचं. ते खरं उत्तर आहे, फक्त त्याच यूपीएसवर पुढे प्रिंटर, ट्यूबलाइट आणि एक टेबलफॅन चढतो, आणि बॅटरी कधी बदलली हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. नवी यंत्रं तर स्वतःचा बिघाड स्वतः ईमेलने कळवतात. ज्या राउटरमधून तो ईमेल जायचा, तो त्याच लाइटबरोबर गेलेला असतो, हा भाग वेगळा. फायबर आली म्हणूनही सुटका नाही. काचेच्या तंतूतून उजेड येतो, यंत्र चालवण्याइतकी वीज येत नाही. फायबर जिथे संपते त्या कचेरीतल्या डबीला भिंतीतलाच प्लग हवा. उलट आता साधा फोनही पेटीसारखाच परावलंबी झाला.

तेव्हा त्या डबीला आणि पेटीला दुसरं काहीही न जोडलेली एक स्वतंत्र बॅटरी द्यावी, आणि रिलेचा तो ठरावीक फोन साहेबांच्या केबिनमधून काढून दरवाज्याशी, शिपायाच्या स्टुलाजवळ ठेवावा. लेखापरीक्षकाचा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय: शिपाई त्यावरून रोज घरी बोलेल. बोलू द्यावं. लाइनची रोजची तपासणी याहून स्वस्तात कुणी करून देणार नाही, आणि ज्या दिवशी त्याचा घरचा फोन लागणार नाही, त्या दिवशी बिघाडाची तक्रार जेवणाच्या सुट्टीआधी नोंदलेली असेल.