कर्ता, क्रियापद आणि आलापल्लीची बस

एटापल्लीच्या स्टँडजवळच्या चहाटपरीवर ग्रामर-सर बसलेले दिसले की पोरं इंग्रजी झाडायचं टाळतात. मोबाइलच्या दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, वाढदिवसाचा बॅनर, सरांच्या लाल पेनातून काहीच सुटत नाही.

एबीसीडी त्यांना भेटली पाचवीत, एटापल्ली चंद्रपूर जिल्ह्यात होतं तेव्हा. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ साली. पुढे २००० मध्ये राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा सरांना वाटलं, आता पेनाला विश्रांती. उलट रिफिलींचा खर्च वाढला.

त्यांचा पहिला धडा एका कटिंगमध्ये संपतो. मराठीत क्रियापद वरातीतल्या नवरदेवासारखं सगळ्यांच्या मागून येतं. माडियातही तसंच, तेलुगूतही तसंच. इंग्रजीत ते कर्त्याचा पदर धरून चालतं. त्यामुळे ‘आय टी ड्रिंक’ म्हणणारं पोरगं आईच्या भाषेशी इमान राखतंय, असं सर कौतुकानं म्हणतात आणि मार्क कापतात.

खरं वैर ‘एस’शी. ‘ही गो बाजार’ ऐकलं की कप बशीत आदळतो. “गोज! ही, शी, इट आलं की क्रियापदाला शेपूट!”

“मंग दे ले काहून नाही जी? तिथं तं मानसं जास्त.”

नामाला एस लावला तर अनेकवचन, क्रियापदाला लावला तर एकवचन! या लबाडीवर सरांकडे एकच उतारा आहे, दुसरा चहा.

परवा धो धो पावसात सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, “सर, इट रेन्स म्हंजे पाऊस पडते. मंग हा इट कोन?”

सरांनी चष्मा पुसला. इंग्रजी वाक्य कर्त्यावाचून उभं राहत नाही, म्हणून हा इट नुसता उभा करायचा. काम काही करत नाही, जागा अडवतो.

“डमी उमेदवारावानी?”

“पैकीच्या पैकी!” सर ओरडले. तिच्या नावाचं बिस्किट त्यांच्या खात्यावर मांडलं गेलं.

तेवढ्यात कोणीतरी भिजत आला. “बस नॉट कम! नाल्यावर पानी हाय.”

“डज नॉट कम,” सर उसळले. “डजनं एस घेतला, आता कमला द्यायचा नाही. पण याचा अर्थ, बस येतच नसते. तुला म्हणायचंय, अजून आली नाही. हॅज नॉट कम. यातलं बरोबर कोणतं?”

कोपऱ्यात पिशवीवर बसलेले आजोबा सकाळपासून आलापल्लीला निघाले होते.

“दोनीबी बराबर हायेत ना जी,” ते म्हणाले.