कादंबरीच्या पहिल्या खर्ड्याचे पथ्यपाणी

प्रस्तुत मार्गदर्शन कसबा पेठेत राहून वर्षानुवर्षे कादंबरीचे पहिलेच वाक्य घासत बसलेल्यांसाठी आहे. इतर पेठांतील लेखकांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर वापरावे.

लग्नाची पहिली पत्रिका कसबा गणपतीपुढे ठेवण्याची पुण्याची रीत आहे. ती कादंबरीला लावू नये. खर्डा हाती नसताना बोभाटा झाला, की शेजारच्या काकू जिन्यात गाठून “काय, कुठवर आलं?” विचारतात आणि सगळी प्रतिभा त्या उत्तरातच खर्च होते.

अप्पा बळवंत चौकातून स्वस्तातली स्वस्त, शंभरपानी वही आणावी. कापडी बांधणीच्या वहीत खाडाखोड करायला हात धजत नाही, आणि मग वही कोरी राहते. अरुण फडके यांचे ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ जवळ असल्यास नावातली सूचना तंतोतंत पाळावी. ‘आणि’मधला णि पहिला की दुसरा, हे पाहायला पुढे मुद्रितशोधक आहे. त्याच्याही पोटाचा विचार करावा.

ऐतिहासिक कादंबरीवाल्यांचे दुखणे सर्वांत जुनाट. ५ एप्रिल १६६३च्या रात्री शाहिस्तेखान लालमहालाच्या नेमक्या कोणत्या खिडकीतून निसटला, हे ठरल्याशिवाय दुसरा परिच्छेद लिहायचा नाही, असा त्यांचा पण असतो. टेप घेऊन खिडकी मोजायला निघालेल्यांना नम्र विनंती: आज उभा आहे तो लालमहाल महापालिकेने विसाव्या शतकात बांधला. तेव्हा कंसात (खिडकी पाहणे) एवढेच लिहावे, खानाची बोटे तुटू द्यावीत, त्याला पळू द्यावे आणि आपणही पुढच्या प्रकरणात पळावे. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. तुमचा खर्डा होईपर्यंत ते कुठे जात नाही.

एवढे करूनही हात पहिल्या पानाकडे वळत असेल, तर सकाळी तांबट आळीत जाऊन उभे राहावे. कानठळ्या बसतील, बसू द्याव्यात. तांब्याचा पत्रा कापतात, ठोकून ठोकून घडवतात, जोड देतात. ज्या चमकत्या ठोक्यांवर गिऱ्हाईक भुलते आणि ज्यांनी भांडे कणखरही होते, ते मठारकाम अगदी शेवटी. सपाट पत्राच मठारत बसलेला कारागीर तिथे एकही दिसणार नाही. तसली माणसे वरच्या मजल्यावर कादंबरी लिहीत असतात.

आता थोरांचे दाखले, कारण त्याशिवाय पुण्यात कुणाचे ऐकत नाहीत. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यातूनच क्रमशः दिली. अंक काढायचा तर मजकूर द्यावाच लागतो. मागचे प्रकरण तर वाचकांच्या घरी पोचलेले, त्यात सुधारणार काय? त्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, पण पहिल्या वाक्यावर नव्हे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) काही आठवड्यांतच लिहून झाली. ‘हिंदू’ मात्र २०१० साली आली, हे तुम्ही लगेच सांगणार. हा दाखला ज्यांची ‘कोसला’ छापून झाली आहे त्यांनीच द्यावा.

शंका तिसरे प्रकरण संपल्यावर विचाराव्यात. पहिल्या वाक्याबद्दलच्या शंका स्वीकारल्या जाणार नाहीत.