नत्रसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय नत्रसाहेब,
मुक्काम खताचे पोते, गॅरेजचा डावा कोपरा,
एडिसन, न्यू जर्सी

विषय : आपला एप्रिलमधला उत्साह आणि नोव्हेंबरमधला पाहुणचार.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सर्वप्रथम आपले अभिनंदन. बर्फ वितळतो न वितळतो तोच दुकानांच्या दारात आपल्या पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि आमच्या गल्लीतली तमाम मंडळी (पुणेकर, नागपूरकर सगळे आले त्यात) शेजाऱ्याच्या अंगणाकडे तिरप्या नजरेने बघत आपल्याला घरी घेऊन येतात. थोड्याच दिवसांत हिरवळ अशी गर्द होते की येणारा-जाणारा थबकतो. श्रेय अर्थातच आपले.

फक्त एक विचारायचे होते. आमचे केंटकी ब्लूग्रास हे थंड हवेचे गवत. (मूळचे युरोपचे; केंटकी हे नाव मागाहून चिकटले. या गावात त्याचे कोणाला काय नवल!) हवा १६ ते २४ अंश सेल्सिअस असली की ते आपण होऊन जोमाने वाढते. वसंतात तसे ते उधळलेलेच असते, त्यात आपण येऊन हाकारे घालता. पाने सुसाट सुटतात, पण त्यांना लागणारी साखर मुळांच्या वाट्यातून जाते, हे पोत्यावर कुठे छापलेले दिसले नाही. मेमध्ये कापणीयंत्र हातातून सुटत नाही आणि जुलैच्या उन्हात, मुळे उथळ राहिलेली हीच हिरवळ आधी माना टाकते. मांडवाचा झगमगाट आपला, कर्ज वधूपित्याच्या बोकांडी.

पण खरी तक्रार नोव्हेंबरची. चाकूने गवताचा एक झुबका मातीसकट काढून पाहावा. पाने आणि मुळे जिथे भेटतात तिथे, जमिनीलगत, एक पांढुरका इवलासा गड्डा असतो. गवताचा सगळा जीव त्यात. पाने करपली तरी पुन्हा फुटतात; गड्डा गोठून मेला की संपले. म्हणून थंडी वाढू लागली की गवत वाढ आवरती घेते, गड्ड्यात फ्रुक्टान नावाची साखर साठवते आणि तिथले पाणी कमी करते, कारण पाणी जितके जास्त तितका बर्फाचा धोका मोठा. नेमके तेव्हाच आपण भरघोस हप्ता घेऊन हजर! हवा जरा उबदार निघाली की गवत पुन्हा वाढीला लागते, साठवण पानांवर उधळते, पेशी पाण्याने टम्म फुगतात आणि जानेवारीची एखादी कडक रात्र पुढचे काम उरकते. ब्लूग्रास त्यातल्या त्यात काटक. बारमाही राय गवताचे मात्र हाल. त्याची ‘मॅनहॅटन’ ही गाजलेली जात आमच्याच राज्यातल्या रटगर्स विद्यापीठाने १९६७ साली आणली, तीही न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये गोळा केलेल्या गवतातून. इतक्या पायांखाली टिकलेला हा वंश, पण आपल्या लाडापुढे त्याचेही चालत नाही.

थंडीतून वाचले त्याला बुरशी गाठते. मार्चमध्ये बर्फ हटला की ताटलीएवढे गोल, चिकटून बसलेले फिकट डाग दिसतात, कडेला गुलाबीसर झाक. आपण वाढवलेल्या लुसलुशीत पाल्यावर बर्फाखाली पंगत उठलेली असते.

सरकारही आपल्याला ओळखून आहे. २०११च्या खत कायद्याने घरमालकांना १५ नोव्हेंबर ते १ मार्च आपले नाव घ्यायला बंदी केली; एरवीही हजार चौरस फुटांना एका वेळी ०.९ पौंडांहून जास्त नत्र नाही. हे गवताच्या मायेने नव्हे, तर आपण पावसाबरोबर वाहत बार्नेगॅटच्या खाडीत जाऊन शेवाळ पोसता म्हणून. तरी १४ नोव्हेंबरच्या रात्री टॉर्च धरून खत फेकणारे कायदाप्रेमी सद्गृहस्थ आमच्याकडे आहेतच.

सबब विनंती की, आपण सप्टेंबरात यावे. माती उबदार असते, हवा उतरलेली असते, गवत फुटवे आणि मुळे धरते, पानांना साखर कमवायला सवड मिळते. बेताने यावे आणि शक्यतो सावकाश विरघळणाऱ्या रूपात. आपल्यावाचून अडते हेही मान्य. उपाशी गवत हिवाळ्यात टिकत नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक हिरवळधारक

प्रत माहितीसाठी : पालाश (पोत्यावरचा तिसरा आकडा. थंडीच्या तयारीत यांचा हात असतो, पण तिथवर कोणी वाचत नाही.)

स्फुरद यांना प्रत पाठवलेली नाही. जुन्या हिरवळीत माती परीक्षणाच्या दाखल्याशिवाय त्यांना प्रवेश नाही.