म्यूटवरचे साहेब

ऑनलाइन मुलाखत घेणारे साहेब कधीच वेळेवर येत नाहीत, पण उशीर झाल्याची त्यांना खरीखुरी लाज वाटते, हे आधी त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. "सॉरी सॉरी, आधीचा कॉल लांबला," असं म्हणतच ते उगवतात. म्हणजे ओठांवरून तसं वाटतं, कारण आवाज बंद असतो. इकडचा उमेदवार कानाकडं बोट दाखवतो. साहेबांना वाटतं, हा हेडफोन घाला म्हणतोय. ते हेडफोन शोधायला उठतात आणि बराच वेळ पडद्यावर नुसती खुर्ची हळूहळू फिरत राहते.

मंद्रूपला आमच्या माडीवर फायबरचं इंटरनेट आल्यापासून गल्लीतल्या पोरांच्या नोकऱ्या तिथंच ठरतात, किंवा ठरायच्या राहतात. हायवेला लागून असलेलं गाव. हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी ठणाणा लावून जातात. खिडक्या लावून घेणं, मिक्सर थांबवणं आणि जिन्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गप्प करणं हे माझ्याकडं. माडीचं दार नीट लागत नाही, त्यामुळं साहेब लोकांचा माझा अभ्यास दांडगा झालाय.

२०२०च्या लॉकडाऊनआधी मुलाखत म्हणजे पुणं. मंद्रूपहून अंधारातच निघून सोलापूर स्टेशन गाठायचं, हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून चार तास ताठ बसायचं आणि पुढं हिंजवडी शोधत हिंडायचं. नोकरी नाही मिळाली तरी एसी लागायचा, कुणीतरी चहा विचारायचं. निदान साहेब हाडामांसाचे आहेत एवढी खात्री करून पोरगं परत यायचं. आता चौकटीत गोल असतो आणि गोलात एक इंग्रजी अक्षर.

साहेबांच्या आधी त्यांच्या ऑफिसच्या मॅडम येतात. सकाळी एक लिंक. मग "आधीची सोडा, ही घ्या" म्हणून दुसरी. पोरानं टीम्स उतरवून घेतलं की कळतं, आज झूमवर आहे. झूमवर गेलं की पाटी दिसते, आत घेईपर्यंत थांबा. या पाटीसमोर आमच्या गल्लीतली किती जवानी गेली असेल! खालून कुणीतरी विचारतंच, "आले का बे साहेब?" वरून उत्तर, "येवालेत की."

माझ्या भाच्याची मुलाखत या सगळ्याचा कळस होती. इंजिनीअर झालेला पोरगा, कंपनी बेंगळुरूची. साहेब आले, आवाज सुरू झाला आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "तुमचा सीव्ही माझ्यासमोरच आहे." हे वाक्य ज्या साहेबांच्या तोंडी येतं, त्यांच्यासमोर सीव्ही सोडून सगळं असतं, अशी माझी खात्री आहे. पुढचा प्रश्न अर्थातच, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." या प्रश्नाला पोरं उगाच घाबरतात. तो विचारण्यासाठी नसतोच. तुम्ही बोलत असता तेवढ्या वेळात साहेब फाइल शोधत असतात. भाचा शाळा, कॉलेज, प्रोजेक्ट असं सांगत चालला होता आणि पलीकडून खाटखूट माउसचा आवाज येत होता. मधेच साहेब म्हणाले, "व्हेरी गुड. तुमचा टेक्स्टाइलमधला पाच वर्षांचा अनुभव इंटरेस्टिंग आहे."

भाच्याला अनुभव पाच मिनिटांचाही नव्हता. त्यानं तसं नम्रपणे सांगितलं. "एकच मिनिट हं," साहेब म्हणाले.

हे त्यांचं आवडतं वाक्य. कुरिअर आलं, "एकच मिनिट हं." लॅपटॉपची बॅटरी उतरली, "एकच मिनिट हं." मागून एक लहान पोरगी येऊन "पप्पा, खोडरबर" म्हणाली, तेव्हा मात्र ते हे वाक्य म्हणाले नाहीत, गुपचूप खोडरबर शोधून दिला. मला ते साहेब तिथंच आवडले. राग येत होताच, खाली बहीण देवापुढं दिवा लावून बसली होती. पण या माणसाचंही कुणीतरी साहेब असणार, तोही कुठंतरी उशिरा येत असणार आणि त्याच्यापायीच यांचा आधीचा कॉल लांबलेला असणार.

चौकटीत आणखी एक जण होते. त्यांचं नाव "आयफोन". चेहरा नाही, आवाज नाही. मी आपला दाराच्या फटीतून त्यांनाही नमस्कार करून ठेवला होता, न जाणो मालक असले तर.

मग साहेबांनी भाच्याला पडदा दाखवायला सांगितलं, त्याचा प्रोजेक्ट बघायचा होता. भाच्यानं बटण दाबायच्या आत साहेबांनीच कुठलं तरी दाबलं आणि आमच्या माडीवर त्यांचा अख्खा संसार उघडा पडला. ईमेलचा ढीग, पोरीच्या शाळेची फी, आणि मधोमध रेल्वेचं तिकीट. गोलघुमट एक्सप्रेस, बेंगळुरू ते विजयपूर, वेटिंग. भाचा काही बोलणार नव्हता, पण सोलापूरकडचा माणूस वेटिंगचं तिकीट बघून गप्प बसत नाही. "सर, सणाला कन्फर्म होणार नाही ते. तत्काळ बघा."

क्षणभर शांतता. मग पलीकडून इंग्रजी एकदम उतरलं. "निम्मदु यावूर?"

आमच्याकडं घरात मराठी आणि शेतात कन्नड, त्यामुळं भाच्याला भाषांतर लागलं नाही. मंद्रूप म्हटल्यावर साहेब खुर्चीत सरळच झाले. ते झळकीच्या पुढचे निघाले. टाकळीचा पूल ओलांडला, भीमा मागं टाकली की पलीकडं त्यांचा मुलूख. तेरामैलाला लहानपणी एसटी थांबायची तेव्हा भजी खाल्ल्याचं त्यांना आठवलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिकडं मिळत नाही, मिळते ती गोड असते, अशी तक्रार झाली. हत्तरसंग कुडलला संगमावर जाऊन आलास का, तिथं हजार वर्षांपूर्वीचा, १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे आणि पाहायला आमच्याकडची माणसं जास्त जातात, असंही ते म्हणाले. हे शेवटचं मला पटलं नाही, पण जिन्यातून भांडता येत नव्हतं. पोराची नोकरी या गप्पांत कुठल्या कुठं वाहून गेली होती. मी दाराच्या फटीतून हातानं खुणा करत होतो, अरे, पगाराचं विचार!

भाच्यानं तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला. झूम फुकटात चाळीस मिनिटंच चालतं. एवढी मोठी कंपनी, पण वर्गणी भरलेली नव्हती. जाता जाता एकच आवाज आला, जड आणि अनोळखी: "नो क्वेश्चन्स फ्रॉम माय साइड." आयफोन बोलले होते.

खाली बहिणीनं विचारलं, "काय म्हणाले रे?"

"भजी खाल्ली म्हणाले लहानपणी."

"आणि नोकरीचं?"

"परत कळवतो म्हणाले."

वास्तविक साहेबांना तेही म्हणायला मिळालं नव्हतं. पण इतक्या मुलाखती ऐकल्यावर शेवटचं वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

कळवलं मात्र. दोन आठवडे गेले आणि ईमेल आला, दुसऱ्या फेरीचं बोलावणं. वर लिहिलं होतं, "डिअर कॅन्डिडेट नेम". नाव भरायचं राहून गेलेलं. बहीण घाबरली, "हे नेम कुणाचं पोरगं? त्याला घेतलं का काय?" मेहुण्यांनी तिला गप्प केलं. नाव नसेना का, तारीख-वेळ तर हाय की, म्हणाले. सगळ्यांनी मोबाइलभोवती डोकी घातली आणि तारीख वाचली.

कालची होती.