अकरा महिन्यांचा अधिकारी

शिक्षेऐवजी देखरेखीवर सोडलेल्यांना सांभाळणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्यांना पोलिसांच्या बरोबरीने निवृत्तीचे लाभ द्या, अशी मागणी परवा कानावर आली आणि मागणी करणाऱ्याची कीव आली. निवृत्त व्हायला आधी नोकरीत असावं लागतं, हे या भाबड्या जिवांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

अमेरिकेचं सोडा. तिथल्या केंद्रीय न्यायालयांचा परिवीक्षा अधिकारी निवृत्तीच्या बाबतीत पोलिसांच्याच पंगतीला बसतो. २० वर्षं सेवा झाली की पन्नाशीत पेन्शन घेऊन मोकळा, आणि ५७व्या वर्षी तर सक्तीनेच घरी. काम जोखमीचं, म्हणून ही सवलत. आपल्याकडेही जोखीम आहे, फक्त तिला ‘गृहभेट’ म्हणतात. एसटीनं गावात उतरायचं, गुन्ह्यात सापडलेला पोरगा कसा आहे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं आणि विचारलं म्हणून पोराच्या बापाच्या शिव्या खायच्या. अंगावर गणवेश नाही, हातात काठी नाही, सोबत शिपाई नाही. आहे तो सामाजिक तपासणी अहवालाचा कोरा नमुना. तो भरून दोन आठवड्यांत बाल न्याय मंडळापुढे ठेवायचा, असं बाल न्यायाचा कायदा सांगतो. गेल्या वर्षीच्या प्रवासभत्त्याचं बिल किती आठवड्यांत निघावं, याबद्दल मात्र कायदा मौन पाळून आहे.

पण आम्ही ज्याच्या प्रेमात पडलो ते कलम वेगळंच आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८, कलम १४. परिवीक्षा अधिकाऱ्याची कर्तव्यं तिथं दिली आहेत. त्यांतलं एक असं, की देखरेखीखालच्या माणसाला गरज असेल तर योग्य अशी नोकरी मिळवून देण्याचा प्रयत्न अधिकाऱ्यानं करावा.

नोकरी मिळवून द्यावी! आणि कुणी? तर बाल संरक्षणाच्या कामात ज्याला ‘विधी तथा परिवीक्षा अधिकारी’ असं भारदस्त नाव देऊन कंत्राटावर घेतलंय, त्यानं. पुनर्वसन पुनर्वसन म्हणतात ते शेवटी पोराला कामाला लावण्यापाशीच येतं. हा अधिकारी पोराला घेऊन गॅरेजवाल्याकडे जातो. गॅरेजवाला पोराकडे बघत नाही, साहेबांकडे बघतो. ‘तुम्ही परमनंट का?’ साहेब घसा खाकरतात. ‘नाही, अकरा महिने. पुढचा आदेश यायचाय.’ ‘मग पगार?’ ‘पगार नाही, मानधन. तेही दोन महिने झालं नाही, अनुदान आलेलं नाही.’ गॅरेजवाला विचारात पडतो. पोरगाही विचारात पडतो. आजवर आपण बिघडलेले आहोत असं त्याला वाटत होतं. आता साहेबांकडे बघून त्याचा आत्मविश्वास वाढतो. तो कामाला लागतो, टायर काढायला शिकतो, दर शनिवारी रोख पैसे घरी आणतो. सहा महिन्यांनी साहेब देखरेखीसाठी फिरकतात तेव्हा तोच खुर्ची पुढे करतो, चहा सांगतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, ‘साहेब, शेठ हिशेबाला माणूस बघतायत. तुमचं नाव सांगू का?’ कलम १४चं इतकं तंतोतंत पालन संसदेच्या स्वप्नातही आलं नसेल. दिशा तेवढी उलटी.

आता काळाचं गणित बघा. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलेल्या पोरावरची देखरेख तीन वर्षांपर्यंत चालू शकते. देखरेख ठेवणाऱ्याचा करार अकरा महिन्यांचा. म्हणजे त्या मुदतीत पोरगा एकच, साहेब मात्र तीन-चार. प्रत्येक नवा साहेब पहिल्यापासून विचारणार, ‘बाळ, तुझं नाव काय? हे तुझ्या हातून कसं झालं?’ पोराला आता ते पाठ झालंय. जुनी फाईल कुठल्या कपाटात आहे, हेही तोच सांगतो.

आणि तो अकरा महिन्यांनंतरचा ‘तांत्रिक खंड’! ही ज्याच्या सुपीक डोक्यातून निघालेली चीज असेल, त्याला एकदा भेटायचंय. एक दिवस. त्या दिवशी साहेब अधिकारी नसतात, कुणीच नसतात. पोरगा त्या दिवशी पळाला तर? तेवढा खंड त्यानंही पाळावा, अशी आस्थापना शाखेची अपेक्षा असावी. दरवर्षी एकेक दिवस कापून माणसाची पंधरा वर्षं चुरगळायची आणि मग त्याच्याच तोंडावर म्हणायचं, ‘तुमची सेवा अखंड नाही हो, उपदान कसं देणार?’ याला प्रशासन म्हणत नाहीत. याला खिसा कापणं म्हणतात, आणि ते करताना सापडलेल्या पोराला आपण याच साहेबाच्या देखरेखीखाली ठेवतो.

हाच माणूस पाचशे रुपये घेताना सापडला तर तो क्षणात लोकसेवक होतो. १९५८च्या कायद्यात परिवीक्षा अधिकाऱ्याला लोकसेवक मानणारं कलम १५ आहेच, शिवाय लाचलुचपतीचा कायदा आहे. पेन्शन मागितली की लगेच तो कंत्राटी. तुरुंगाच्या दारापर्यंत सरकारी, बँकेच्या दारापाशी परका.

राहिली पोलिसांची बरोबरी. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्या पोलिसाचीही जुनी पेन्शन गेली आणि तो स्वतःच ती परत मागतो आहे. तेव्हा त्याच्या ताटात हात घालण्यात अर्थ नाही. आमची मागणी अगदी बेताची आहे, वित्त विभागालाही झेपेल अशी: ज्याच्यावर देखरेख ठेवायची, त्या पोराच्या बंधपत्राची जेवढी मुदत, निदान तेवढ्या मुदतीचा करार साहेबांना द्या. मध्ये खंड न पाडता.