अस्वलासाठी मिरची

"नलूवहिनी, खर्डा करताय वाटतं? इथं कुंपणाशी उभी राहून मला ठसका लागला!"

"ठसक्याचं काय घेऊन बसलात सुमनताई! तुम्ही तर म्हणे अमेरिकेत कमरेला मिरचीचा डबा लावून हिंडलात?"

"यलोस्टोनच्या नॅशनल पार्कात होतो तेवढे दिवस. बेअर स्प्रे म्हणतात त्याला. मिरचीतलंच तिखट, पण अर्क काढून दाबानं डब्यात भरलेलं. जावयानं आम्हां दोघांना एकेक दिला. तर यांनी तो बॅगेत तळाला, दशम्यांच्या खाली ठेवला! जावई एरवी मवाळ हो, पण तेव्हा म्हणालाच, 'बाबा, अस्वलाला सांगणार का, जरा थांब, बॅग उघडतो?' मग डबा पट्ट्यावर आला."

"आणि दशम्या?"

"गाडीत, काचा लावून. खाण्याचा वास सुटलेला चालत नाही तिथं. कचरापेट्यांची झाकणंसुद्धा अस्वलाला उघडू नयेत अशी. मलाही आधी उघडेना!"

"पण ते अंगाला लावायचं ना? डासांच्या मलमासारखं?"

"अहो, असंच समजणारे तिथंही असणार, म्हणून तर पार्कवाले बजावतात, अंगाला नको, तंबूला नको. जमिनीवर वाळलेल्या फवाऱ्याच्या वासानं अस्वलं उलट जवळ येतात. अलास्कात त्यात लोळताना पाहिलीत म्हणे."

"अगं बाई! मग त्याचा उपयोग काय?"

"अस्वल अंगावर धावून आलं, की क्लिप अंगठ्यानं मागं काढायची आणि ते ३०-४० फुटांवर असतानाच समोर, जरा खाली रोखून दाबायचं. डोळ्यांत नेम धरत बसायचं नाही. मध्ये लालसर ढग उभा राहतो, त्यात ते आपणहून शिरतं. डबा संपतो मात्र काही सेकंदांत."

"आणि वारा आपल्याकडं असला तर?"

"तर आपलीच दृष्ट निघते!"

"म्हणजे सगळा बेभरवशाचाच कारभार."

"तसं नाही हं. अलास्कातल्या वीसेक वर्षांच्या घटना तपासून टॉम स्मिथ या संशोधकानं आणि त्याच्या सोबत्यांनी २००८ साली लिहिलंय, की तपकिरी अस्वलांवर फवारा मारला तेव्हा १०० पैकी ९२ वेळा ती आवरली. जावयानं गाडीत वाचून दाखवलं, तेव्हा कुठं माझा जीव खाली पडला. पण गंमत बघा, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत हाच डबा न्यायला बंदी! तिथं ग्रिझली, म्हणजे ही तपकिरी अस्वलं, उरलेलीच नाहीत, नुसती काळी अस्वलं."

"प्रत्यक्ष दिसलं का हो एखादं?"

"दिसलं की, लांब कुरणात. १०० यार्डांच्या आत जायचं नाही असा नियम. पण एक बाप्या डबा कमरेला आहे म्हणून फोटोसाठी पुढं पुढं सरकत होता. डब्यानं अक्कल येत नाही ना! शेवटी रेंजरनं हाकलला. त्यापेक्षा जंगलात बोलत चालावं, म्हणजे अस्वल आधीच बाजूला होतं. ते काम माझ्याकडं होतं."

"मग काय, चिंताच नव्हती! पण एक आणायचात ना इकडं. जुन्नरला माझ्या भावाच्या उसात बिबट्या येतो."

"विमानात चालत नाही, ना हातात ना सामानात. २०१८ साली न्यू जर्सीच्या एका गोदामात एकच डबा फुटला, तर वीसेक कामगार दवाखान्यात! आणि बिबट्या काय ४० फुटांवरून वर्दी देऊन येतो? उसात शेजारच्या सरीतला माणूस दिसत नाही. भावाला सांगा, अंधारात एकट्यानं जाऊ नको, बॅटरी ने, मोबाइलवर गाणी लाव."

"गाणी तो लावतोच, शेजारी तक्रार करेपर्यंत. मग डब्यांचं काय केलंत?"

"जावयाच्या मित्राला दिले. यांचा जीव तुटला हो! चाळीसेक डॉलरला एक, आणि क्लिपसुद्धा न काढलेली. अजून रुपयांत हिशेब करताहेत."